शांत स्क्रीनवर माझा भरवसा नाही

अलार्म वाजला की लोकांना चोरापेक्षा अलार्मचाच जास्त राग का येतो? मला खरंच कळत नाही.

आमच्या हिंगण्याच्या कारखान्यात नेटवर्कवर लक्ष ठेवणारी दोन सॉफ्टवेअर मी तपासतेय; त्यातलं एक विकत घ्यायचंय. बाहेरून मशीन दुरुस्त करणाऱ्यांसाठी आम्ही ऑनलाइन प्रवेश कायम उघडा ठेवतो. आज त्यातून कुणी अनोळखी आत शिरलं. एक सॉफ्टवेअर ओरडलं, दुसरं गप्पच.

साहेब म्हणाले, "हे लय बोंबलून राहिलं वं. शांतवालं चांगलं, असं अहवालात लिही."

"पण साहेब, त्याले चोर दिसलाच नाही!"

"तुले परमनंट व्हायचं हाय ना?"

व्हायचंय. घरातली पहिली पदवीधर आहे मी. पण खोटं लिहायला शिकले नाही. तो प्रवेश बंद केला, ओरडणाऱ्याचीच शिफारस लिहिली आणि थेट मालकांना पाठवूनही दिली.