मी पाटी घेतली नाही

त्या सकाळी आम्ही दोघा नवरा-बायकोनं मासळी निवडली. सारसोळ्याच्या बंदरावर, चिखलात फळी टाकून. कोलंबी एकीकडे, बोईट एकीकडे, चिंबोऱ्या नांग्या बांधून पाटीच्या तळाला.

"बारकी वर ठेवू नका," ती म्हणाली. "गिऱ्हाईक पाटीचं तोंड बघून भाव करतंय."

"तुझं तोंड बघून कोन भाव देनार गो?"

ती हसली. वीस-बावीस वर्षांच्या संसारात आमचं बोलणं असंच.

ऐंशी सालाच्या पुढची ही गोष्ट. नेरुळात इमारतींचे पाये खणत होते, आणि आमच्या बायका बस धरून वाशीला मासळी विकायला जात होत्या. बंदरापासून रस्त्यापर्यंत बांधावरून पंधरा मिनिटं चालायचं, डोक्यावर पाटी.

ती उठली आणि खांदा दाबत म्हणाली, "आवं, हात भरून आलाय आज. रस्त्यापर्यंत पाटी तुमी घ्या की."

"मी? येडी झाली का? लोकं काय बोलतील?"

आमच्यात मासळी होडीत असेपर्यंत पुरुषाची. फळीवर आली की बाईची. पाटी पुरुषाच्या डोक्यावर जात नाही. पण खरं सांगतो, मला रीतीचं काही पडलं नव्हतं. आदल्या वर्षी शेजारच्या दिवाळे गावचा एक जण बायको आजारी म्हणून स्वतः पाटी घेऊन निघाला होता. तेव्हा मीच भर बंदरात ओरडलो होतो, "काय गो बाय, कोलंबी कशी दिली?" सगळे पोट धरून हसले. तो मान खाली घालून गेला. आता तेच लोक मला हसतील, ही माझी भीती. आपण दुसऱ्याला जे केलं तेच आपल्याला होईल म्हणून माणूस भितो. देवाला वगैरे कोणी भीत नाही.

तिनं पलीकडच्या बाईला हाक मारली, दोघींनी पाटी उचलली, आणि ती बायकांबरोबर निघाली. मी जाळं धूत बसलो. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

रस्ता लागायच्या आधीच ती खाली बसली म्हणे. पाणी मागितलं. पाणी येईपर्यंत संपलं.

त्याच संध्याकाळी तिला पोचवून आलो. घर माणसांनी भरलेलं. जो तो म्हणत होता, भरल्या कपाळानं गेली, भाग्याची. कोणी म्हणे, ज्याची त्याची येळ. मी मान हलवत होतो. तिनं पाटी घ्यायला सांगितली आणि मी नाही म्हणालो, हे तिला ठाऊक होतं आणि मला. ती गेली. म्हणजे मी गप्प राहिलो तर ते कोणाला कधी कळणार नव्हतं. आणि मला गप्पच राहावंसं वाटत होतं, तेही सांगून टाकतो. बसलो की उठावंसं वाटे. ओटीवर जायचो, परत आत यायचो, परत ओटीवर. कोणी जेव म्हणालं तर खेकसायचो.

माणूस जन्माला कशासाठी येतो, असं कीर्तनात विचारतात. माझी शाळा दुसरीपर्यंत, मला काय कळणार? तुफानात होडी वळवली म्हणून मी छाती फुगवून फिरायचो. त्या दिवशी माझ्याकडे एकच काम आलं होतं, पंधरा मिनिटांचं. आता म्हातारा झालो तरी त्याच्यापेक्षा मोठं काम आलेलं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा थोरला भाऊ ओटीवर चहा पीत बसला होता. शेजारी गावची चार माणसं. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"दादा, ती मला पाटी घे बोलली व्हती. हात दुखत व्हता तिचा. मी नाय घेतली. लाज वाटली."

त्यानं मारावं असं मला वाटत होतं. निदान शिवी तरी. त्यानं बशी खाली ठेवली. 

"भावोजी," तो म्हणाला, "मी पन नसती घेतली."

माझं डोकं फिरलं. "मंग तुमी पन तसलेच!" मी ओरडलो. "तुमची बहीन व्हती ती!"

"गप रे," आतून एक म्हातारी म्हणाली. "दुखवट्याच्या घरात काय बोलतोस?"

मी गप्प झालो नाही. उंबऱ्यात जाऊन उभा राहिलो, आतल्या बायकांनाही ऐकू जाईल असा, आणि मासळी निवडली तिथपासून सगळं पुन्हा सांगायला लागलो.