मार्कशीटची नववी

भिलाईतल्या आमच्या कॅम्प-१ मधल्या गल्लीत तिला सगळे मार्कशीट म्हणत, आणि हे नाव मीच पाडलं होतं. स्वतःचे तर सोडाच, तिला साऱ्या वर्गाचे, वरच्या वर्गाचे, शाळा सोडून कधीच मोकळे झालेल्यांचेही मार्क पाठ असत. कुणाच्या लग्नात नवरदेव हार घालायला उभा राहिला की ही माझ्या कानाशी येऊन सांगे, "आठवीत गणितात तेहतीस, काठावर पास. त्यातले तीन मेहेरबानीचे." मला हसू आवरत नसे. तिचा चेहरा मात्र निकाल वाचणाऱ्या बाईंसारखा गंभीर असे. एवढं कशाला लक्षात ठेवतेस, असं विचारलं तर म्हणायची, "मानसं खोटं बोलतात वं. मार्क नाई बोलत."

तान्ही असताना झालेल्या पोलिओनं तिचे दोन्ही पाय गेले होते. हातानं फिरवायच्या तीनचाकीवर ती शाळेत यायची. आमची मिडल स्कूल जवळच होती, पण वाटेत नाल्याच्या पुलाचा चढ होता. तिथं मी मागून ढकलायची, सहावी ते आठवी, रोज. तिला मात्र मदत घेतल्यासारखं दिसायला नको असे. "ढकलू नको, नुसता हात लाव," म्हणायची. नुसता हात लावला की गाडी जागची हलत नसे. मग मी ढकलायची आणि आम्ही दोघीही फक्त हात लावल्याचं मानून घ्यायचो.

तिचा दुसरा कायदा भाषेचा. आमची घरं भंडाऱ्याकडची. घरात मराठी, बाहेर पडलं की हिंदी. आम्ही बाकीची मुलं एकाच वाक्यात दोन्ही कालवायचो. ती कालवत नसे. मी मध्येच हिंदीत घसरले की थांबवायची, "घरच्या मानसासंग घरचं बोल." तिचं हिंदी आमच्यापेक्षा स्वच्छ होतं, पण ते परक्यांसाठी राखलेलं. घरातल्या कुणावर ती फारच रागावली तर आरडाओरडा करत नसे, सरळ हिंदीवर उतरायची. भावानं एकदा तिच्या वहीची पानं फाडली तेव्हा त्याला म्हणाली, "आप अपना काम कीजिए." अर्ध्या तासात तो रडकुंडीला येऊन तिच्यापुढे उभा. वर्षभराच्या भांडणानं जे झालं नसतं ते त्या एका 'आप'नं झालं.

आठवी झाली. नववीसाठी दूरच्या हायस्कूलमध्ये जायचं होतं, आणि तिथं नववीचा वर्ग वरच्या मजल्यावर भरत असे. तिचे वडील, आम्ही त्यांना काका म्हणायचो, भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला होते. फार भित्रा आणि फार मायाळू माणूस. पोरीच्या हट्टापायी त्यांनी अर्ज दिला, की वर्ग खाली भरवता आला तर पाहावं. अर्जाचं उत्तर यायच्या आधीच हिनं वह्यांना कव्हरं घालून ठेवली. पहिल्या दिवशी कुठल्या बाकाशेजारी गाडी लावायची तेही ठरवलं, वर्ग पाहिलेला नसताना.

त्याच उन्हाळ्यात मला सायकल मिळाली होती. नेहरू नगरकडच्या दोन मुलींबरोबर हायस्कूलला जायचं, तिघींनी रांगेत, घंट्या वाजवत, असं माझं ठरलेलं. त्या चित्रात तीनचाकी बसत नव्हती. हे मी कुणाला बोलले नाही. स्वतःलाही धड सांगितलं नाही, पण होतं ते हेच.

मी प्रवेशासाठी हायस्कूलला गेले तेव्हा उत्तराचं पत्र शाळेनं माझ्याच हाती पाठवलं. काकांनी ते दारात उभं राहून वाचलं. ते गावाकडे मराठीत सातवीपर्यंत शिकलेले. त्यांची हिंदी प्लांटमध्ये कानांनी शिकलेली, कागदावरची नव्हे. पत्रात दोनच ओळी होत्या. "आपका आवेदन मिला। आपकी पुत्री के लिए विद्यालय की ओर से पूरी चेष्टा की जाएगी।" काकांचा चेहरा उतरला. पुन्हा वाचलं. मग हळूच, आत ऐकू जाऊ नये म्हणून, मला विचारलं, "तुयी हिंदी चांगली हाय माय. चेष्टा म्हंजे चेष्टाच ना? हसतीन तिले सारे?"

पोरीला लोक हसतील ही भीती त्यांच्या मनात आधीपासून होती. आता शाळेनंच ती सही-शिक्क्यानिशी लिहून दिली, असं त्यांना वाटलं. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. पूर्ण प्रयत्न करू, एवढंच शाळा सांगत होती. आमच्या हिंदीच्या पुस्तकात तो शब्द अर्थासकट होता आणि मी तो घोकलेला होता. माझी सायकल त्यांच्याच भिंतीला टेकवलेली होती. मी म्हणाले, "हो, काका."

काकांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि घरात सांगितलं, वर्ग वरच आहे, जमत नाही म्हणतात. ती रडली नाही. कव्हरं घातलेल्या वह्या तिनं मला दिल्या. मी घेतल्या, आणि नववीचं पूर्ण वर्ष त्यांवर लिहिलं. संध्याकाळी मी परत आले की ती ओट्यावर वाट पाहत असे. तिमाहीत कुणाला किती पडले, नवी मुलगी कोण, तिचं गणित कसं आहे, सगळं काढून घ्यायची. न पाहिलेल्या वर्गाचेही मार्क तिला पाठ झाले. मी सांगत राहायची आणि तेवढ्यानं आपली फेड झाली असं समजायची.

पुढे तिनं घरी बसून दहावी-बारावी केली, आणि समोरच्या खोलीत कॉम्प्युटर लावून लोकांचे फॉर्म भरून द्यायला लागली. मी नागपुरात शिक्षिका झाले आणि मुलांसाठी एक कादंबरी लिहिली. तीनचाकीवरची मुलगी हायस्कूलच्या पहिल्या दिवशी शाळेत जाते, वर्ग खाली येतो, मैत्रीण रोज पुलाचा चढ ढकलून देते. लोकांना आवडली. पहिल्या पानावर तिचं नाव घालून मी पुस्तक भिलाईला घेऊन गेले. तिला आनंद होईल असं मला खरंच वाटत होतं, याची आता लाज वाटते.

तिनं पुस्तक ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. गेले तेव्हा एक बाई मुलीच्या नववीच्या प्रवेशाचे कागद घेऊन बसली होती. तिला थांबायला सांगून मार्कशीट माझ्याकडे वळली. "वाचलं. मैत्रीण लय चांगली लिवली तू." मग टेबलाच्या खणातून प्लास्टिकच्या पिशवीतला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. काकांना जाऊन वर्ष झालं होतं. तो त्यांच्या पेटीत, गेटपासच्या खाली सापडला होता. "हे चिठ्ठी कावून नाई वं तुया पुस्तकात?"

मी कागद उलगडला, त्याच दोन ओळी होत्या. ती शांतपणे म्हणाली, "बाबाले नाई समजलं, ते ठीक हाय. आई सांगते, तवा बाबानं तुले विचारलं होतं. ती चुलीपाशीच होती." मग जरा थांबून, "आठवीत तुले हिंदीत किती होते?"

तिला माहीत होतं. साऱ्या गल्लीचे माहीत असलेल्या बाईला माझे माहीत नसतील? पण ते तिला माझ्या तोंडून ऐकायचे होते.

"एक्क्याण्णव," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. मी सायकलचं सांगितलं, त्या रांगेत तीनचाकी बसत नव्हती तेही सांगितलं, माफी मागितली. ती सगळं ऐकून घेत होती. माझं संपल्यावर तिनं कागद परत पिशवीत घातला, त्या बाईचा फॉर्म पुढे ओढला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आप बैठिए, चाय बन रही है।"

मी अजूनही भिलाईला गेले की तिच्याकडे जाते. ती दार उघडते, खुर्ची देते, मुलांची चौकशी करते. मी मराठीत बोलते. ती हिंदीत उत्तर देते.