आडनाव ऐकलं आणि बेटावरची रूम भरली

मंडळी, दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

माझी आई पुढच्या महिन्यात फॅक्टरीतून रिटायर होतेय. समुद्राकाठी मुक्कामाला ती कधीच गेलेली नाही. म्हणून आज विठ्ठलवाडीतून मी कोकणातल्या एका छोट्या बेटावरच्या होमस्टेला फोन लावला.

मालकीणबाई काय गोड बोलल्या! "रूम आहे, या ना. जेवायचं आमच्याच घरात, आमच्यासोबत. सुरमई खाता ना?"

मग नाव विचारलं. मग आडनाव.

"म्हणजे तुम्ही कोण?"

"बौद्ध."

"अगंबाई, त्या तारखांना बुकिंग झालंय. विसरलेच बघा."

शेजारच्या कांचनभाभी सिंधी आहेत. त्यांनी लगेच स्वतःच्या फोनवरून त्याच तारखा विचारल्या. रूम रिकामी होती! भाभी तर उडाल्याच, "छी, कैसी औरत है!"

शेजारीच बसलेल्या आईने त्यांच्या हातातला चालू फोन घेतला. "ताई, मघाशी माझ्या लेकीला नाही म्हणालात. मला रूम नको. फक्त कारण तुमच्या तोंडून ऐकायचंय."

तिकडून फोन कट.

तो गोड आवाज आठवला तरी अजून किळस येतेय. म्हटलं, आता जायचंच नाही. आई म्हणाली, "का नाही? समुद्र काय त्या बाईचा आहे? दुसरं घर शोध."

शोधतेय. कोकणातल्या कुठल्याही बेटावर आडनाव न विचारता आपल्या पंगतीला बसवणारं घर तुम्हाला माहीत आहे का?