गळ्याच्या उंचीचा फटका

इर्या लेह्टोलाचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. लाकूड कापायच्या गिरणीचा भोंगा सातला. त्याआधी ती शेडमागे, पाणी ओतून गोठवलेल्या पट्टीवरून काठीने रबरी चकतीचे प्लायवूडवर शंभर फटके मारी. नव्व्याण्णव नाही. पुढे दिवसभर ओल्या फळ्या रचायच्या असत, तरी शंभर.

लेक सुपीरियरच्या काठच्या आमच्या गावात गिरणीतल्या बायकांचा बर्फावरच्या हॉकीचा संघ होता. इर्या आघाडीला खेळे. मी प्रशिक्षक, बाकामागे उभा राहून ओरडायचं काम माझं. पण गोल कसा करायचा, ते मी तिच्याकडूनच ऐकलं.

"गोलकीपरकडे बघू नका. तिच्याभोवतीची रिकामी जागा बघा. डोळे जिथे, चकती तिथे. काठी मागे उचललीत की तिला आधी कळवलंत. पाय न थांबवता मनगटातून सोडा. आणि मारून बघत उभ्या राहू नका. चकती परत येते, तिथे आधी पोचा."

सामन्याआधी अंग गरम करताना आपल्या गोलकीपरला फटके खालीच मारायचे, पायांच्या पॅडवर. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. १९७८च्या जानेवारीत इर्याने तो मोडला. नवा उंच फटका नुकताच जमला होता, तो दाखवायचा मोह झाला. चकती मास्कच्या खाली, आमची गोलकीपर ओदेत हिच्या गळ्यावर लागली.

ओदेत गुडघ्यांवर आली. शिट्टीसारखा बारीक श्वास, ओठ निळे. तिला गाडीत घातलं तेव्हा इर्या तिचे पाय धरून होती. डॉक्टरने गळ्याला छेद देऊन नळी घातली, तेव्हा कुठे छाती नीट हलली.

नऊ आठवड्यांनी, एका शनिवारी सकाळी, ओदेत सरावाला परत आली. दुसऱ्या दिवशी सामना होता. सगळ्या तिला खालीच मारत होत्या, तरी प्रत्येक फटक्याला ती मान फिरवत होती. इर्याची चकती तर बर्फ सोडत नव्हती. प्लायवूडवरचे तिचे नवे डागही गुडघ्याखालीच होते.

ओदेतने मास्क वर केला. आवाज घोगरा, अर्धा.

"काय गं, बर्फ झाडताय का सगळ्या? इर्या, वर मार."

"नाही मारणार."

"उद्या त्या बायका मला फुलं मारणार आहेत का?"

"परत लागलं तर?"

"लागलं तर लागलं. पण तूच खाली मारायला लागलीस, तर मी जन्मभर मान फिरवत बसेन."

"मरायचंच असेल तर तुझं शिलाई मशीन मला देऊन जा," बाकावरून संघातली लेंपी म्हणाली.

"तुला? तू गुंडीसुद्धा लावत नाहीस," ओदेत म्हणाली.

कुणी हसलं नाही. इर्या कठड्यापाशी गेली आणि ओकली. तोंड पुसून परत आली. चकती घेऊन दोनदा निघाली, दोनदा थांबली. डोळे ओदेतच्या गळ्यावरून हलत नव्हते, असं तिने मला नंतर सांगितलं. गळ्याकडे बघून मारलं तर चकती गळ्यावरच जाणार, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

तिसऱ्यांदा ती निघाली. नजर ओढून ओदेतच्या डाव्या खांद्यावरच्या रिकाम्या जागेवर नेली आणि पाय न थांबवता मनगटातून फटका सोडला. चकती खांद्यावरून जाळीत गेली. ओदेतचा हात उशिरा उठला. पण चेहरा समोर होता.

"आणखी एक," ओदेत म्हणाली.

इर्याने वीस मारले. ओदेतने सात अडवले.

भीती गेली नाही. इर्याने त्यानंतर सरावात शेकडो फटके वर मारले, पण एकही निर्धास्तपणे नाही. गिरणी तिच्या घरापासून तीन मैलांवर. जुनी गाडी घ्यायला तिने दोन वर्षांच्या मजुरीतून पैसे बाजूला टाकले होते. ते घेऊन ती खोगीर शिवणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेली. मास्कखाली गळ्यापुढे लटकेल असा जाड चामड्याचा पट्टा, आतून लोकरीचा मऊ नमदा. पहिल्या पट्ट्यात ओदेतला हनुवटी खाली करता येईना. इर्याने तो परत केला, दुसरा शिवून घेतला. मग आमच्याविरुद्ध खेळणाऱ्या पाचही संघांच्या गोलकीपरांसाठी एकेक. पुढची चार वर्षं ती गिरणीत चालतच आली.