मोहाखालची मांडलेली चूल

माझ्या गाडीला कधी लिंबू-मिरची लटकली नाही. नागपूरजवळच्या वाडीतल्या ट्रकवाल्यांच्या भुताखेताच्या गोष्टी मी चहासोबत ऐकल्या आणि कपासोबत खाली ठेवल्या. दोन वेळा खोऱ्या-घमेल्याच्या मजुरीपासून सुरुवात करून स्वतःची गाडी केलेला माणूस आहे मी... मला फसवणं सोपं नाही. तरीही सत्तरच्या दशकातली ही एक गोष्ट अजून माझ्या हिशोबात बसत नाही, म्हणून लिहितो आहे.

तेव्हा मी लिलावात एक जुनी बस घेतली होती. वाडीच्याच एका मिस्त्रीकडून आत झोपायच्या फळ्या, पाण्याची टाकी आणि मागे स्टोव्हची जागा करून घेतली. हिवाळ्यात नागपूरची चार-पाच कुटुंबं घेऊन मी जंगलात दोन-तीन दिवसांचा मुक्काम करायचो. तेव्हा असं कोणी करत नव्हतं. लोक हसायचे. पण एकदा आलेली माणसं पुन्हा यायची, आणि त्याचं कारण मी नव्हतो. कारण होती माझी बायको, शांता.

जागा ती निवडायची. मी पाहायचो रस्ता आणि भाडं. ती पाहायची की दुपारी चारला सावली कुठे सरकते, पाणी किती पावलांवर आहे, बायकांना आडोसा आहे का. जागा पटली की आजूबाजूचे तीन दगड उचलून चूल मांडायची. डावरी होती, म्हणून तवा-चिमटा ठेवायला एक चपटा दगड नेहमी चुलीच्या डाव्या अंगाला. निघताना चूल मोडायची, राखेवर माती लोटायची आणि प्रत्येक दगड ज्या खळग्यातून उचलला त्याच खळग्यात परत ठेवायची. "मांडलेली चूल सोडून जाऊ नये," म्हणायची. "ते थांबून राह्यते."

आणखी एक. माझ्यावर चिडली असली की चुलीचं तोंड गाडीकडे करायची. म्हणजे लाकडं सारायला बसली की तिची पाठ माझ्याकडे. राग नसला की तोंड जंगलाकडे, आणि ती चुलीपलीकडे बसून माझ्याकडे बघत भाकरी थापायची. पंधरा वर्षांचा संसार, पण मुक्कामावर तिचा राग मी चुलीवरूनच ओळखायचो.

भांडण झालं ते देवलापारच्या अलीकडच्या एका जागेवरून. जबलपूर रोडवरून डावीकडे बैलगाडीच्या वाटेनं गेलं की सोमाजी नावाच्या शेतकऱ्याची मोहाची झाडं होती. शांताला ती जागा फार आवडली. पण सोमाजी भाडं कमी करेना. मी तडक उठलो आणि रस्त्याकाठचं मोकळं मैदान अर्ध्या पैशात ठरवलं.

"तिथं आडोसा कुठी हाये? बाया कुठी जातीन?" शांता म्हणाली.

"दोन दिवसांचा तं सवाल हाये वं. कायले बडबड करून राहिली?"

"तुमाले भाव दिसते. मले मानसं दिसते."

गिऱ्हाईकं बसमध्येच होती, त्यांच्यासमोर बोलली. माझं डोकं फिरलं. "गाडी माझी हाये. जागा मीच ठरवीन. पटत नसन तं जा माहेरी!"

तो मुक्काम तिनं पार पाडला. दोन्ही दिवस चुलीचं तोंड गाडीकडे. नागपूरला परतलो आणि दुसऱ्या दिवशी मुलाला माझ्या आईपाशी ठेवून ती एकटीच उमरेडला भावाकडे गेली. जाताना एवढंच म्हणाली, "न्यायले याल तवाच येईन."

मी गेलो नाही. सौदा करताना पहिला आकडा मी कधी सांगत नाही, समोरच्याला बोलू देतो. या सवयीवर मी गाडी कमावली होती. मला वाटलं, चार-आठ दिवसांत तीच निरोप धाडेल. मी थांबलो. तिसऱ्या आठवड्यात निरोप आला तो तिच्या भावाचा. कावीळ झाली होती आणि सगळं आटोपलं होतं.

दुखण्यात असताना त्यानं का कळवलं नाही? तो म्हणतो, "तिनंच नको म्हटलं." मी ते मानत नाही. आजही मी त्याच्या घरचं पाणी पीत नाही. पण खरं बोचतं ते वेगळंच. तिनं नको म्हटलं असेल तर... ती रागातच गेली का? मला आयुष्यात एवढं एकच जाणून घ्यायचं होतं, आणि सांगणारं माणूस उरलं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा बुकिंग आलं. बायकांनी आधीच बजावलं, "मागच्या वेळचं ते मैदान नको हं." मग मी एकटाच बस घेऊन सोमाजीकडे गेलो. भर दुपार होती. वाटेच्या टोकाला बस उभी राहील अशी एकच जागा, ती मोहाखाली. तिथे लावली आणि त्याच्यासोबत ओढ्याचं पाणी पाहायला गेलो. जाता-येता घासाघीस चालूच.

"मालक, तुमी तं झाडाच्या सावलीतूनबी पैसे कापता," सोमाजी म्हणाला.

"सावली काय तू पाडली गा?"

असं बोलत परत आलो, तर बसच्या समोर वीसेक पावलांवर चूल मांडलेली. तीन दगड. डाव्या अंगाला एक चपटा दगड.

जाताना ती होती का? खोटं कशाला बोलू... माझं लक्ष पाण्याकडे होतं. पण पहिल्यांदा मला रागच आला. वाटलं, यानं आपली जागा दुसऱ्याला दिली.

"सोमाजी, कोन उतरलं होतं इथं?"

"कोनी नाई, मालक. दिवाळीपासून इकडं मानूसच नाई आला."

मी खाली बसलो. आत राख होती. हात लावला तर दगड आतल्या बाजूनं गरम. ऊन म्हणाल, तर तिथे गडद सावली होती. सोमाजीनंही हात लावला आणि झटकन मागे घेतला. "धूर तं दिसला असता नं मालक," तो हळूच म्हणाला. "आपुन तं इथंच होतो."

मग माझ्या लक्षात आलं. चुलीचं तोंड जंगलाकडे होतं. वारा असा होता की तिथे बसणाऱ्याच्या डोळ्यांत सगळा धूर जावा. कोणी शहाणं माणूस तशी चूल मांडणार नाही. पण तिथे बसलं की समोर नेमकी माझी बस.

मी उठलो आणि सोमाजीनं सांगितलेलं भाडं कबूल केलं. बिचारा घाबरला. "तब्येत बरी हाये नं, मालक?"

पुढे मंडळींना घेऊन आलो, मुक्काम छान झाला. एका बाईनं विचारलं, "दादा, आयती चूल आहे, वापरू का?" मी असा ओरडलो की तिचा नवरा धावत आला. स्वयंपाक स्टोव्हवरच झाला. निघताना चूल मोडायला हवी होती. माझ्यानं झालं नाही. मांडलेली चूल थांबून राहते ना... राहू दे म्हटलं.

घरी आलो, पण जीव लागेना. आठ दिवसांनी रिकामी बस घेऊन पुन्हा गेलो. साठ किलोमीटर मी एकच वाक्य घोकत होतो. मोहाखाली बस लावली, उतरलो आणि कोणी ऐकत नाही असं पाहून मोठ्यानं म्हणालो, "शांता, न्यायले आलो वं."

आयुष्यात पहिल्यांदा मी आधी बोललो होतो.

चूल नव्हती. राखेवर माती लोटलेली. दगड शोधायला मला अर्धा तास लागला. चारही दगड आपापल्या खळग्यात बसले होते, कडेच्या गवताला धक्का नाही, जणू कधी उचललेच नव्हते. सोमाजीनं लेकराची शपथ घेतली, "हात नाई लावला गा मालक."

मी तिथे चुलीपलीकडच्या बाजूला संध्याकाळपर्यंत बसून राहिलो. तिथून बसची काच दिसत होती, आणि काचेमागची माझी सीट. रागही आला... पुन्हा न सांगता गेली म्हणून. मग वाटलं, चूल ती मोडायची ती निघायची तयारी झाली म्हणजेच.

ती निघून गेली, की माझ्यासोबत निघाली? परतीच्या वाटेवर मी गाडी हळू चालवली. केबिनमधली डावीकडची सीट, जिथे ती बसायची, तिच्यावर टाकलेला माझा टॉवेल उचलून मागे ठेवला.

पुढे मी तीन गाड्या बदलल्या. आता नागपुरातच, प्रताप नगरात मुलाकडे असतो. नातवंडं विचारतात, आजोबा, कारमध्ये पुढे का बसत नाही? मी मागेच बसतो. पुढची डावी सीट माझ्यानं घेतली जात नाही. का, ते मला सांगता येत नाही, आणि त्या दिवशी दगड कशानं गरम होते, तेही.