मागच्या भिंतीतली खिडकी

भर बाजारपेठेतलं आमचं कापडाचं दुकान आजोबांच्या काळात होतं तसंच जपायचं, असं आम्ही भावंडांनी ठरवलं. प्लायवूड काढल्यावर आतून सागवानी कपाटं, रंगीत काचा, नक्षीचं छत असं एकेक उजेडात आलं. मागच्या भिंतीत एक लहानशी खिडकीही निघाली. "हवेसाठी असणार," असं मी येईल त्याला कौतुकानं सांगत होते.

परवा माझ्या शाळेतल्या बाई दुकान पाहायला आल्या. त्या खिडकीपाशी बराच वेळ थांबल्या.

"हवेसाठी नाही गं," त्या हळूच म्हणाल्या. "माझी आई मागच्या बोळात उभी राहून इथून लुगडं घ्यायची. आमच्या जातीच्यांना आत घेत नसत. हात लागू नये म्हणून कापड वरून टाकायचे."

माझी मान खाली गेली. ज्यांच्या तसबिरीला मी सकाळी हार घातला होता, त्यांचेच ते टाकणारे हात.

"उद्याच बुजवून टाकते, बाई," मी कसंबसं म्हटलं.

"बुजवू नकोस. सगळं जपतेस ना? मग हेही जप. आणि विचारेल त्याला खरं सांग."

मला बुजवायची एवढी घाई त्यांच्यासाठी नव्हे, आजोबांच्या नावासाठी झाली होती, हे त्यांनी ओळखलं होतं.