शिट्टीशिवाय रिव्हर्स

ट्रॅक्टर सात वेळा मागे घेतला, त्यात पाच वेळा डावीकडचा बांबू आडवा झाला. चालवणारा काही नवशिका नव्हता. प्रल्हाद उदगीरकडचा, चाळिशी ओलांडलेला. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढण्यात त्याची दहा-बारा वर्षे गेली होती.

लातुरात माझे मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. भूकंपाला काही वर्षे झाली होती आणि गावात क्लासेसचे पेव फुटले होते. आमच्या गल्लीत फिजिक्सचे तीन क्लास, केमिस्ट्रीचे दोन आणि मधे मी. पोरे मलाही सर म्हणत. बघून बघून मीही ड्रायव्हिंगच्या परीक्षेसाठी प्रश्नसंच छापून घेतला होता.

त्या वर्षी एका साखर कारखान्याने नवीन नियम काढला. डबल ट्रॉली ओढायची तर नुसते लायसन्स पुरणार नाही. यार्डात परीक्षा द्यायची, पास झाले तर गेटपासवर तसा शेरा मिळेल. शेरा नाही तर काम नाही. प्रल्हादची मुलगी अकरावीला लातुरात होती. काम मिळाले तर नवराबायको तिच्याजवळ खोली करून राहणार होते. नाही मिळाले तर नेहमीप्रमाणे सहा महिने कर्नाटकात, आणि पोरगी इथे एकटी.

दोन ट्रॉल्या मागे घेणे अवघड का, ते सांगतो. एक ट्रॉली मागे घेताना स्टिअरिंग उलटे चालते. ट्रॉलीची शेपूट डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवायचे. दुसरी ट्रॉली जोडली की उलट्याचे पुन्हा उलटे होते, आणि दोन जोडांमध्ये सगळी गाडी मुडपायला लागते. आगपेट्या दोऱ्याने जोडून टेबलावर मागे ढकलून पाहा. मी स्वतः तसा बराच वेळ घालवला आहे. म्हणून परीक्षेत फक्त वीस फूट, सरळ आणि रिकाम्या ट्रॉल्या.

आम्ही सराव करायचो ते मैदान भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शेडचे. शेड गेली होती, जोते उरले होते. मी फक्कीने रेषा आखल्या, बांबू रोवले. पहिले दोन दिवस प्रल्हादने एकही बांबू पाडला नाही. तिसऱ्या दिवशी पाच पाडले. माणूस तोच, मैदान तेच, ट्रॅक्टर तोच. मला कोडे पडले.

मग लक्षात आले की तिसऱ्या दिवशी सुमनबाई, म्हणजे त्याची बायको, आली नव्हती. ती रोज मागच्या ट्रॉलीजवळ उभी असे. गळ्यात काळ्या दोऱ्याला शिट्टी. एक लांब शिट्टी म्हणजे येऊ द्या, दोन तुटक म्हणजे थांबा. मी तिच्याकडे डबा घेऊन आलेली बाई म्हणूनच बघत होतो. मी ट्रॅक्टरवर चढून त्याच्या जागी बसलो आणि उजवा आरसा पाहिला. आरशात ट्रॉलीचे चाक दिसतच नव्हते. ती जिथे उभी राहायची, तेवढीच जागा दिसत होती.

"हे असं कधीपासून?" मी विचारले.

प्रल्हादने रुमालाने मान पुसली. "भूकंपात मलबा ओढायलो होतो, सर. धुरळा इतका की काहीच दिसंना. मी रिव्हर्स टाकला आन् ही मागून वरडली. चाकाच्या मागं एक म्हातारी बसून राहिली होती. तिच्या घराच्या जागंवर. हातभर अंतर राहिलं असंल." रुमाल खांद्यावर टाकून तो म्हणाला, "तवापासून मागं माणूस उभं असल्याबिगर मी गाडी मागं घेत न्हाई."

परीक्षेत मात्र गाडीजवळ दुसरे माणूस चालत नाही. मी आरसे नीट करून दिले, बाहेर काढून बसवले. सुमनबाईला जोत्यावर बसवले, शिट्टी खिशात ठेवायला लावली. प्रल्हाद आरशात बघायला शिकला, पण चाक फिरताना त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जाई. मग ट्रॉली मुडपे. एकदा तो म्हणाला, "सर, उतरून बघू का?" मी नाही म्हणालो. उतरलात तर परीक्षा घेणाऱ्या साहेबाला वाटेल, याला येत नाही. शेवटच्या दिवशीही तीन खेपांत एकदा बांबू पडतच होता.

परीक्षेला यार्डात पंधरा-वीस ड्रायव्हर होते. परीक्षा घेणारे साहेब तरुण होते, हातात क्लिपबोर्ड. प्रल्हादचा नंबर आला तशी सुमनबाई फाटकातून सरळ आत आली. साहेबांनी तिच्या गळ्यातली शिट्टी पाहिली.

"मावशी, ट्रॅफिक हवालदार का तुम्ही? यार्डात शिट्टी चालणार नाही."

"न्हाई वाजवत. एकच इचारायचं हाय. ह्यांनी खाली उतरून मागं बघितलं तर मार्क कापता का?"

साहेबांनी कागद उलटा केला, सुलटा केला. "तसं काही लिहिलेलं नाही. उतरा की. कोण नको म्हणलंय?"

माझ्या प्रश्नसंचात दीडशे प्रश्न होते. त्यांत हा नव्हता. मीही कधी कुणाला विचारला नव्हता.

प्रल्हाद उतरला. दोन्ही ट्रॉल्यांच्या कडेने चालत मागे गेला, वाकून चाकांखाली बघितले, दुसऱ्या बाजूने परत आला. दहा फूट मागे घेऊन थांबला, आणि पुन्हा उतरला. रांगेतून कुणीतरी म्हणाले, "आरं, प्रदक्षिणा घालतो का गाडीला?" लोक हसले. सुमनबाई हसली नाही. तिची मूठ शिट्टीवर आवळलेली होती.

उरलेले दहा फूटही झाले. बांबू दोन्हीकडे उभे.

साहेबांनी त्याला जवळ बोलावले. "मागे तर कुणीच नव्हतं. दोनदा उतरून काय बघितलं?"

"कुणी न्हाई, तेच बघितलं साहेब."

साहेबांनी शेरा मारला. त्या हंगामात तिघे आमच्याच गल्लीच्या टोकाला एका खोलीत राहिले. सुमनबाई यार्डात पूर्वीसारखीच शिट्टी वाजवत असे, कारण परीक्षा संपली होती.

मी प्रश्नसंच पुन्हा छापला. आता प्रश्न एकशे एक्कावन्न आहेत. नवीन प्रश्न पहिला घातला आहे: गाडीच्या मागे कोण आहे? त्याचे उत्तर विद्यार्थ्याने खाली उतरून द्यायचे असते.